बेलडोहच्या वेशीवरचं फाटक

मित्रांनो, मी एका फाटकाचा जुना लोखंडी दांडा आहे. कुंभार पिंपळगावाकडून येणारा रस्ता गोदावरीच्या काठी बेलडोह गावात जिथं शिरतो, तिथं वेशीवर मला बसवलेलं आहे. माझा पिवळा-काळा रंग कधीच उडाला. बिजागरी गंजली आहे. माझ्या खांबावर कुणीतरी शिकवणी वर्गाची जाहिरात चिकटवली आहे, ती अर्धी फाटून वाऱ्यावर फडफडत असते. आता मी बहुतेक वेळ वर उचललेलाच असतो. येणारे-जाणारे माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्याचं मला वाईट वाटत नाही. मी खूप दमलो आहे. लोखंड कसं दमेल, असं तुम्ही विचाराल. पण माणसांच्या वाटेत आडवं पडून राहण्याचं काम करून बघा, मग कळेल.

माझी पहिली नोकरी रेल्वेच्या फाटकावर होती. परतूरच्या अलीकडे एक छोटा रस्ता रुळांना छेदून जायचा, तिथं मी होतो. रामप्रसाद नावाचा फाटकवाला चाक फिरवायचा आणि मी सावकाश खाली यायचो. बैलगाड्या थांबायच्या, उसाच्या ट्रॉल्या थांबायच्या, मोटारसायकलवाले मला शिव्या घालायचे. पण गाडी धडधडत निघून गेली की सगळ्यांना कळायचं, की हे फाटक उगीच लावलेलं नव्हतं. पुढं त्या जागी रुळांखालून भुयारी रस्ता झाला आणि माझी गरज संपली. मी जालन्याच्या भंगारात जाऊन पडलो. तिथं बरेच पावसाळे गेले. वितळवण्याची पाळी आली होती, तेवढ्यात बेलडोहची माणसं गावासाठी फाटक शोधत आली आणि मला ट्रॅक्टरमध्ये घालून घेऊन गेली.

बेलडोहला फाटक का हवं होतं? कारण ते देवाचं गाव. नदीच्या वळणावर बेलेश्वराचं देऊळ आहे, दगडी घाट आहे. जवळच्या जांब समर्थ गावी दर्शनाला आलेली माणसं वाकडी वाट करून इथं यायची, नदीत पाय बुडवायची, घाटावर फोटो काढायची. श्रावणातल्या सोमवारी तर परभणी, बीड, जालना, कुठून कुठून गाड्या यायच्या. त्या सगळ्या देवळापर्यंत घुसल्या की माणसाला चालायला जागा उरायची नाही. म्हणून गर्दीच्या दिवशी मला खाली घ्यायचं, गाड्या बाहेर लावायला सांगायचं आणि माणसांना पायी आत सोडायचं, अशी पद्धत ठरली.

हे काम मच्छिंद्रकडे होतं. मच्छिंद्र ग्रामपंचायतीचा शिपाई. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. दर पंधरवड्याला माझ्या बिजागरीत तेल घालायचा. माझ्या खांबाला लागूनच झुंबरबाईचं दुकान होतं, म्हणजे एक लाकडी बाज आणि वर ताडपत्री. नारळ, बेल, फुलं, खडीसाखर. झुंबरबाईचा नवरा केव्हाच गेला होता. एकच मुलगा, पप्पू, पुण्याकडं कंपनीत कामाला. आणि अजमत होता. त्याची काळीपिवळी जीप पिंपळगाव ते बेलडोह अशा खेपा मारायची. माझ्यापाशी आला की तो हॉर्नऐवजी हाक मारायचा, "मच्छिंद्रभाऊ, पाव्हणे आणले बगा!" मच्छिंद्र हसून मला वर उचलायचा. झुंबरबाई उतरलेल्या माणसांच्या हातात बेलाची जुडी ठेवायची.

गावाची चूल या पाहुण्यांवर पेटायची. आणि तेव्हा माझ्यावर कुणी रागावत नव्हतं. पोरं माझ्यावर लोंबकळायची. एकदा जिल्ह्याहून आलेले एक साहेब म्हणाले होते, "एवढी गर्दी, पण किती शिस्त!" मच्छिंद्रने ते महिनाभर सगळ्यांना सांगितलं.

मग ते वर्ष आलं. तुम्ही लहान असाल तेव्हा, पण तुम्हालाही आठवत असेल. होळी झाली, आणि शहरांतून एका नव्या रोगाच्या बातम्या यायला लागल्या. गुढीपाडव्याच्या सुमाराला सगळा देश बंद झाला. बेलडोहची माणसं माझ्याजवळच्या वडाखाली जमली, एकमेकांपासून लांब लांब बसली. कल्याण तेव्हा नुकताच सरपंच झाला होता. तरुण, धडपड्या माणूस. गावाबद्दल त्याला खरंच माया होती.

तो म्हणाला, "दुसऱ्या गावाचं येगळं हाये. आपल्याकडं धा जिल्ह्यांचा माणूस येतो. एखादा बिमार आला, देवळात शिरला, घाटावर बसला, मंग अख्खं गाव झोपंल. फाटक लावू. बाहेरचं कोणीच आत न्हाई."

कुणीच विरोध केला नाही. अजमत म्हणाला, "बराबर हाये. जीप काय, चार दिवस हुबी राहील." झुंबरबाईनेही मान हलवली. "जीव राह्यला तं धंदा करता यील," ती म्हणाली.

त्याच दिवशी बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून माझ्या दोन्ही बाजूंना रचल्या. मला खाली घेतलं, साखळी घातली आणि कुलूप लावलं. किल्ली मच्छिंद्रने कमरेच्या कडदोऱ्याला बांधली. रेल्वेत असताना मला कधी कुलूप नव्हतं. मला ते जड वाटलं. पण काम महत्त्वाचं आहे हे मलाही समजत होतं.

पहिल्याच आठवड्यात पप्पू आला. पुण्याहून निघाला होता, बायको बरोबर होती. थोडं अंतर टेम्पोत, थोडं दुधाच्या गाडीत आणि उरलेलं पायी. दोघांचे पाय सुजले होते. पप्पूने माझ्यावर हात टेकवले आणि म्हणाला, "मामा, उघडा की."

मच्छिंद्र त्याला लहानपणापासून ओळखत होता. तो मागं सरकला. "पप्पू, न्हाई उघडता येत रे. गावानं ठरवलंय."

"मी काय बाहेरचा हाये?"

तेवढ्यात झुंबरबाई धावत आली. पोराला बघून ती थेट काट्यांवरच जाणार होती, मच्छिंद्रने तिला पदराला धरून थांबवलं. ती तिथंच मातीत बसली. पलीकडं पप्पू बसला. मधे मी.

"मच्छिंदर," ती म्हणाली, "आरं, पाणी तं दिऊ दे लेकराला. का पाण्यानं बी रोग होतो?"

मच्छिंद्रने आपला तांब्या भरला, काठीला अडकवला आणि माझ्याखालून पलीकडं सरकवला. पप्पूची बायको तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायली. तिच्या हनुवटीवरून पाणी सांडत होतं आणि कुणीच कुणाकडं बघत नव्हतं.

मीना गावची आशाताई, घरोघर आरोग्याचं काम बघणारी. ती आली, दोघांची विचारपूस केली आणि म्हणाली, "यान्ला शाळेत ठिवू. ठरलेले दिवस तिथं काढतील, मंग घरी जातील." पण शाळेत पाण्याची टाकी कोरडी होती, संडासाला कुलूप होतं, झोपायला सतरंजी नव्हती. कल्याण आला तेव्हा मीना त्याला म्हणाली, "सरपंच, काटे तं सकाळून संध्याकाळपस्तोर आणले तुम्ही. तसंच पाणी बी आणा की."

कल्याण चिडला नाही. त्याने लगेच टँकर मागवला. पण मला तो दिवस आठवतो तो दुसऱ्याच कारणासाठी. बाहेरचं माणूस कसं अडवायचं याचा आम्ही सगळा विचार केला होता. अडवल्यावर त्याचं काय करायचं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पप्पू आणि त्याची बायको शाळेत राहिली. काही झालं नाही. ठरलेले दिवस संपले आणि दोघं घरी गेली.

उन्हाळा गेला, पावसाळा आला. बेलडोहमध्ये एकही माणूस आजारी पडला नाही. पेपरात माझा फोटो आला. मच्छिंद्र माझ्या शेजारी ताठ उभा होता, तोंडाला गमछा बांधलेला. गावानं वेशीच्या कमानीवर फलक लावला, की आमचं गाव रोगमुक्त आहे. मला खूप मान मिळाला, मित्रांनो. आयुष्यात एवढा कधी मिळाला नव्हता.

पण अजमत एक दिवस मच्छिंद्रला म्हणाला, "भाऊ, गुस्सा नका करू, एक बात इचारू? पलीकडच्या वाडीला फाटक न्हाई, काटे न्हाई. तिथं बी कोण बिमार न्हाई. मंग हे फाटकामुळं हाये, का रोगच आजून हिकडं आला न्हाई?"

"वाडीला कोण जातं?" मच्छिंद्र म्हणाला. "तिथं देव न्हाई, घाट न्हाई. आपल्याकडं लोक आले असते."

"ते बी खरं हाये," अजमत म्हणाला.

दोघंही खरं बोलत होते. मीही त्यावर पुष्कळ विचार केला. मला काही ठरवता आलं नाही. जो आलाच नाही तो येणार होता की नव्हता, हे फाटकाला कसं कळणार?

श्रावण कोरडा गेला. झुंबरबाईचे नारळ आतून सुकून खडखड वाजायला लागले. ती रोज येऊन रिकाम्या बाजेवर बसायची, सवयीनं. अजमतच्या जीपच्या चाकांत गवत उगवलं. त्याची बायको कमरबी लोकांच्या शेतात खुरपायला जायला लागली. पप्पूला कंपनीतून फोन आला तसा तो बायकोला घेऊन परत पुण्याला गेला. जाताना तो मच्छिंद्रशी बोलला नाही.

आणि एका सोमवारी एक मोठी पांढरी गाडी माझ्यासमोर येऊन थांबली. काचा वर. मच्छिंद्रने हात केला, की बंद आहे. गाडीतल्या माणसाने कुठंतरी फोन लावला. थोड्याच वेळात मच्छिंद्रचा फोन वाजला. पलीकडून कल्याण बोलत होता. मच्छिंद्र नुसतं "हो साहेब, हो साहेब" म्हणत राहिला. मग त्याने कुलूप काढलं. गाडी देवळापर्यंत गेली. घरच्यांसह दर्शन घेऊन ती माणसं परत आली आणि धूळ उडवत निघून गेली.

झुंबरबाई बाजेवरून सगळं बघत होती. "मच्छिंदर," ती म्हणाली, "देव आता गाडी बघून दर्शन दिऊन राह्यला व्हय?"

"मला काय बोलता मावशी," तो म्हणाला, "मी तं नुसता किल्लीचा धनी."

त्या दिवसापासून गावाच्या मनातून मी उतरलो. उसातून एक पायवाट नदीकडं जायची, ती हळूहळू रुंद झाली. लोक मोटारसायकली तिकडून काढायला लागले. कुणी बाजाराला, कुणी सासरवाडीला, कुणी नुसतं कंटाळा आला म्हणून. कुलूप माझ्यावर होतं. पायवाटेवर नव्हतं.

दिवाळीनंतर सरकारनं देवळं उघडली. मला वर उचललं, काटे बाजूला ओढले. माणसं लोटली. झुंबरबाईने नवे नारळ आणले, अजमतने जीपला हार घातला. एवढे महिने उपाशी राहिलेलं गाव एकदम जेवायला बसावं तसं झालं. तोंडावरचे रुमाल गळ्यात आले. मीनाताई सांगून सांगून थकली. "गेला आता तो रोग," लोक म्हणायचे.

तो गेला नव्हता. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तो परत आला आणि या वेळी आसपासच्या सगळ्या गावांत एकदम आला. पिंपळगावात माणसं आजारी पडल्याचं कानावर आलं तसं कल्याणने पुन्हा मला खाली घ्यायला लावलं. पुन्हा काटे, पुन्हा साखळी, पुन्हा कुलूप. मागच्या वर्षी जे केलं तेच केलं. मागच्या वर्षी ते उपयोगी पडलं होतं, असं सगळ्यांचं मत होतं.

पण मी बंद होतो त्याच आठवड्यात कल्याणच्या भावकीत लग्न झालं. मळ्यातल्या शेडमध्ये, गुपचूप. वाजंत्री नव्हती, पण जेवणावळीचा धूर मला इथून दिसत होता. पाहुणे उसाच्या वाटेनं आले आणि त्याच वाटेनं गेले. मच्छिंद्र दिवसभर माझ्यापाशी बसून होता, रिकाम्या रस्त्याकडं बघत. दुपारी त्याची बायको गिरिजाबाई भाकरी घेऊन आली. तिने धुराकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. मग फडकं सोडून भाकरी त्याच्यापुढं ठेवली.

काही दिवसांनी गावात खोकल्याचे आवाज यायला लागले. मीनाताई घरोघर जायची. दारातूनच उत्तर यायचं, "ताप न्हाई ताई, ऊन लागलं." लोक खोटं का बोलायचे, तर ज्याच्या घरी रोगी सापडला त्याच्या दारापुढं पत्रे ठोकले जायचे. दूधवाला यायचा बंद व्हायचा. शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. जसं मला गावाच्या तोंडावर आडवं टाकलं होतं, तसं प्रत्येक घराच्या तोंडावर काहीतरी आडवं पडायला लागलं.

मच्छिंद्रही खोकायला लागला होता. मी सगळ्यात आधी ऐकलं, कारण तो माझ्याच खांबाला टेकून बसायचा. झुंबरबाईने एकदा हटकलं, "काय रे, बसला काहून घसा?" तो म्हणाला, "धूळ हाये मावशी." संध्याकाळी कल्याण मोटारसायकलवरून जाताना थांबला. "मच्छिंद्र, फाटक बराबर लावलंय ना?"

"लावलंय साहेब."

कल्याणने साखळी ओढून बघितली आणि निघून गेला. त्याचं लक्ष कुलपाकडं होतं. मच्छिंद्रचे डोळे लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. फाटक बंदच असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. किल्ली त्याच्याकडेच होती.

मग ती दुपार आली. ऊन असं होतं की माझ्यावर पाखरूसुद्धा बसत नव्हतं. अजमतची जीप गावातून भरधाव आली आणि माझ्यापुढं करकचून थांबली. मागच्या बाकावर झुंबरबाई आडवी पडली होती. मीनाताईने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. म्हातारी तोंड उघडून श्वास ओढत होती आणि तो पुरत नव्हता. गाडीसाठी दवाखान्यात फोन करून झाले होते. सगळ्या गाड्या दुसऱ्या रोग्यांना घेऊन गेल्या होत्या.

"मच्छिंद्रभाऊ!" अजमतने हाक मारली. "ओ मच्छिंद्रभाऊ! जल्दी!"

कुणी आलं नाही. अजमत उतरला आणि मच्छिंद्रच्या घराकडं पळाला. घर जवळच होतं, मला त्याचं दार दिसायचं. दार आतून बंद होतं. अजमत जोरजोरात ठोकत होता.

आतून गिरिजाबाईचा आवाज आला. "ते घरी न्हाईत."

"भाभी, किल्ली तं द्या!"

"घरी न्हाईत म्हणलं ना!"

तो परत पळत आला. घामाने निथळत होता. उसाच्या वाटेने मोटारसायकल जाते, जीप जात नाही. मीनाताई आतून ओरडली, "अजमतभाऊ, काहीबी करा, ह्यान्ला दम न्हाई राह्यला!"

अजमतने सीटखालून चाक खोलायची लोखंडी टॉमी काढली. टॉमीने तो कुलपावर घाव घालायला लागला. प्रत्येक घाव माझ्या अंगभर झणाणत होता. मित्रांनो, रेल्वेत असताना ट्रकची धडक मी खाल्ली होती, तेव्हाही मला एवढं जाणवलं नव्हतं. लोक घरांच्या ओट्यांवर येऊन बघत उभे राहिले. कुणी जवळ येईना. एक जण म्हणाला, "सरपंचान्ला इचारा आधी."

कल्याण आलाच, आवाज ऐकून. "अजमत! कुलूप काहून तोडून राह्यला? गावाचं हाये ते!"

अजमत थांबला नाही. वर न बघता म्हणाला, "सरपंच, मावशी मरून राह्यली. आधी तिला बगा, मंग कुलूप बगा."

कल्याण जीपजवळ गेला. त्याने आत पाहिलं. झुंबरबाईने त्याला ओळखलं की नाही कोण जाणे, पण तिची नजर त्याच्यावर होती. लहानपणी तो तिच्या बाजेवरून खडीसाखर उचलून पळायचा. तो मागं फिरला, अजमतच्या हातातून टॉमी घेतली आणि साखळीत घालून पूर्ण ताकदीनं पिळली. कुलूप तुटलं. मग दोघांनी काटे ओढायला सुरुवात केली, नुसत्या हातांनी. बाभळीचा काटा किती लांब असतो तुम्हाला माहीत आहे. कल्याणच्या तळहातातून रक्त येत होतं, पण त्याने वाट मोकळी केली आणि मला खांद्याने वर ढकललं.

जीप निघून गेली.

कल्याण तिथंच उभा राहिला. मग तो तणतणत मच्छिंद्रच्या दाराकडं गेला. किल्ली घेऊन हा माणूस गेला कुठं, याचा जाब विचारायचा होता त्याला. त्याने हाक मारली. गिरिजाबाईने बराच वेळ दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा ती बाजूला झाली. कल्याण आत गेला आणि लगेच बाहेर येऊन ओट्यावर बसला.

मच्छिंद्र आतल्या खोलीत तापाने फणफणत पडला होता. त्याने बायकोला शपथ घातली होती, की कुणाला सांगायचं नाही. गिरिजाबाई रडत सांगत होती ते मला ऐकू आलं. "ते म्हणले, मी फाटकावरचा माणूस. मलाच झालं म्हणलं तं गाव म्हणंल, यानंच रोग आत आणला."

ऊन उतरलं तशी जीप परत आली. झुंबरबाईला दवाखान्यात ऑक्सिजन लागला होता, मीनाताई तिच्याजवळ थांबली होती. अजमत खाली उतरलाच नाही. कल्याणने आणि गिरिजाबाईने मच्छिंद्रला धरून जीपमध्ये बसवलं. जीप माझ्याखालून जाताना मच्छिंद्रने खूण करून थांबवायला लावली. त्याने तुटलेलं कुलूप पाहिलं, ओढलेले काटे पाहिले. बोलायला त्याला खूप जोर लावावा लागत होता.

"साहेब, किल्ली उशाखाली हाये," तो म्हणाला. "म्या कोणाला आत सोडलं न्हाई."

कल्याणने त्याचा हात धरला. "मला ठावं हाये मच्छिंद्र. तू न्हाई सोडलं."

असं म्हणताना कल्याणने लग्न झालं त्या मळ्याकडं बघितलं.

झुंबरबाई बऱ्याच दिवसांनी परत आली. निम्मी होऊन, पण आपल्या पायांनी. मच्छिंद्र आला नाही. तो गेल्याची बातमी अजमतने आणली. जीप माझ्यापाशी उभी करून तो किती तरी वेळ स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता.

त्यानंतर गाव पुन्हा वडाखाली जमलं. मागच्या वर्षीसारखं लांब लांब. कल्याण उभा राहिला. त्याला भाषण करायची हौस होती, पण त्या दिवशी त्याचे शब्द जुळेनात.

"फाटक बंदच ठेवू," तो म्हणाला. "गर्दी आपल्याला परवडणार न्हाई. पण कुलूप लावायचं न्हाई. कोणीतरी माणूस हाजर पाहिजे, चोवीस तास. आन् बाहेर जाणाऱ्याला कधीच थांबवायचं न्हाई." मग तो म्हणाला, "आमच्या घरचं लग्न झालं, ते चुकलं. ते मी थांबवायला पाहिजे होतं."

मीनाताई म्हणाली, "घरावर पत्रे ठोकायचे बंद करा. लोक लपवून राह्यले. लपलेल्या माणसाला मी कुठं शोधू?"

पत्रे काढले. शाळेत खाटा टाकल्या, पाणी चालू केलं. ज्याला ताप येईल त्याच्या घरी डबा न्यायची पाळी तरुण मंडळींनी वाटून घेतली. अजमतची जीप दिवसरात्र माझ्या पलीकडं, रस्त्याकडं तोंड करून उभी राहायला लागली. कमरबीने मागच्या बाकावर गादी अंथरली. आणि लोक सांगायला लागले, "ताई, मला आज कसंतरी वाटून राह्यलं." त्यानंतरही माणसं आजारी पडली. पुंजाराम नावाचे एक म्हातारे गेले. बाकीचे वेळेवर दवाखान्यात पोचले आणि परत आले. पावसाळा लागता लागता साथ ओसरली. ती आसपासच्या गावांतही ओसरली, फाटक असलेल्या आणि नसलेल्याही.

मग देवळं उघडली, यात्रा सुरू झाल्या. आता बेलडोहला पूर्वीपेक्षा जास्त गर्दी असते. घाटावर रंगीत दिवे लागले आहेत. नवं वाहनतळ लांब माळावर झालं आहे, त्यामुळे माझं काम जवळजवळ संपलं. शिपायाची जागा गिरिजाबाईला मिळाली. सकाळी ती माझ्या आसपास झाडते. तेल मात्र कुणी घालत नाही. तेल मच्छिंद्र स्वतःच्या घरून आणायचा, ग्रामपंचायतीच्या खर्चात ते कधी नव्हतंच.

मागच्या महिन्यात एका शाळेची सहल आली होती. मुलींनी माझ्याबद्दल कुठंतरी ऐकलं होतं. आकांक्षा नावाच्या एका मुलीने गिरिजाबाईला विचारलं, "आजी, या फाटकामुळं कोरोना थांबला होता का हो?"

गिरिजाबाईने झाडू खाली ठेवला. तिला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

"थांबला न्हाई, बाई," ती म्हणाली. "थोडा उशिरा आला. त्या उशिराचा फायदा घ्यायला पाहिजे व्हता. खाटा टाकायच्या, पाणी आणायचं, गाडी तयार ठिवायची. आमी नुसतं फाटकाकडं बघत बसलो."

मुलीने मान हलवली. तिला किती कळलं ते मला माहीत नाही. तिची मैत्रीण तिला घाटाकडं ओढून घेऊन गेली.

मित्रांनो, मला रंग द्या असं मी म्हणत नाही. बिजागरीत दोन थेंब तेल घातलंत तर बरं वाटेल, पण तेही राहू द्या. माझी विनंती दुसरीच आहे. पुन्हा कधी अशी वेळ आली आणि तुमच्या गावानं वेस बंद करायची ठरवलं, तर जरूर करा. कधी कधी ते करावं लागतं. मात्र ते करताना मोठ्यांसाठी वेगळी वाट ठेवू नका. आणि फाटक नीट लागलं की नाही हे बघायला याल, तेव्हा साखळी ओढून तसेच परत जाऊ नका. तिथं बसलेल्या माणसाजवळ दोन मिनिटं थांबा. तुला बरं आहे ना, एवढं विचारा.

मच्छिंद्रला ते कुणी विचारलं नाही.